आम्हा दोघींना मूल हवं आहे: कागदावर कुणाचं नाव?

सोनटक्का

आम्ही दोघी ठाण्यात राहतो, कित्येक वर्षांचा संसार आहे. मी ३६, ती ३३. माझ्या आईने आम्हाला मनापासून मानलंय. तिच्या माहेरी विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढतो. असो.

आता मूल हवं आहे. 'नीट विचार केलाय का' हे आम्ही एकमेकींना विचारून विचारून दमलोय, त्यामुळे तेवढं इथे विचारू नका (विचारणार आहातच, कल्पना आहे). मला हवी आहे ती व्यवहाराची माहिती. दत्तक घ्यायचं तर आमच्यासारख्यांनी कसं? उपचार घ्यायचे तर दवाखान्यात काय काय विचारतात? आणि मूल घरात आल्यावर, जिचं नाव कागदावर नसेल तिचं काय? नेटवर शोधलं की सगळं अमेरिकेचं निघतं. इथलं कुणी सांगू शकेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

रानजाई

मी एकटीने मुलगी दत्तक घेतली आहे. मी समलिंगी नाही, घटस्फोटित आहे, पण तुम्हाला जावं लागेल ते याच दारातून, म्हणून सविस्तर लिहिते.

नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. नवरा-बायको असतील तर दोघांच्या वयाची बेरीज बघतात. एकल व्यक्तीला वेगळं कोष्टक आहे: दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर तुमचं वय ४० पर्यंत, दोन ते चार वर्षांचं असेल तर ४५, चार ते आठ वर्षांचं असेल तर ५०, त्याच्या पुढे ५५. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर. म्हणजे वयाची अडचण तुम्हाला आज नाही, पण प्रतीक्षायादी मोठी आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांच्या वर थांबायची तयारी ठेवा.

मग गृहभेट. समाजसेविका घरी येतात, पगारपत्रक, आजारपणं, शेजार, पाळणाघर कुठे, सगळं बघतात. माझ्याकडे आल्या त्या फार चांगल्या होत्या, चहा घेऊन निवांत बसल्या. पण एकल पालकाला एक कागद जास्त द्यावा लागतो: 'उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर मुलाला मी सांभाळीन' असं नातेवाइकाचं लेखी हमीपत्र. माझ्या भावाने दिलं. तुमच्यासारख्या कित्येकींना घरच्यांनी तोडलेलं असतं, त्यांनी हे कुणाकडून आणायचं? सोनटक्का, तुमची आई तयार आहे हे भाग्य समजा, आणि तिच्याखेरीज एखादं तरुण नावही बघून ठेवा.

आता वाईट बातमी. जून २०२२ मध्ये काराने एक परिपत्रक काढलं. एकल अर्जदार लग्नाशिवाय कुणासोबत दीर्घकाळ राहत असेल तर त्याला पात्र धरायचं नाही, असा त्याचा आशय. म्हणजे तुम्ही खरोखर एकट्या असाल तर मूल मिळेल. घरात प्रेमाचं दुसरं माणूस असेल तर मिळणार नाही. मी एकटी नोकरी करून मुलीचा ताप, शाळा, सगळं ओढते. मला विचाराल तर दोन माणसं असलेलं घर मुलाला कधीही बरं.

वामकुक्षी

सोनटक्का ताई, कुणाच्या खाजगी आयुष्यात मला नाक खुपसायचं नाही. तुम्ही दोघी कशाही राहा. पण मूल ही तिसरी व्यक्ती आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. उद्या शाळेत बाबांचं नाव विचारलं तर ते पोर काय सांगेल? मुलाला आई हवी तसा बापही हवा, हे माझं जुन्या वळणाचं मत आहे. रागवू नका.

टपरीवरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

खडीसाखर

वामकुक्षी काका, प्रश्न तुम्ही सभ्यपणे विचारलात म्हणून सभ्य उत्तर देते. मी नाशिकला मुलांची समुपदेशक आहे.

यावर अंदाजाने बोलायची गरज उरलेली नाही. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ मध्ये दोन आयांच्या घरांतल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. इंग्लंडमध्ये सुझन गोलोम्बोक यांचं काम त्याच्याही आधीपासूनचं. त्यांनी पुढे दत्तक घेणाऱ्या पुरुष जोडप्यांचाही अभ्यास केला. मुलांच्या मानसिक वाढीत आईबाप कोणत्या लिंगाचे आहेत यामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. फरक पडतो तो घरातल्या भांडणांनी, पैशाच्या ओढाताणीने, आणि बाहेरच्यांच्या टोमण्यांनी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये हीच भूमिका घेतली. आपल्या भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की दत्तक घेण्यापासून या लोकांना दूर ठेवावं असा काही पुरावा नाही.

सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा खटला चालला तेव्हा राष्ट्रीय बालहक्क आयोगाने विरोध केला आणि दिल्लीच्या बालहक्क आयोगाने पाठिंबा दिला. एकाच कामासाठी नेमलेल्या दोन संस्था आणि दोन टोकं!

आणि बाबांच्या नावाचं म्हणाल, तर माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये बाबांचं नाव असून बाबा नसलेली मुलं कितीतरी असतात.

कलमकसाई

(वकील आहे, आयडीवर जाऊ नका.)

सहा सप्टेंबर २०१८ ला दंडविधानाच्या कलम ३७७ मधलं संमतीच्या संबंधांचं गुन्हेगारीकरण गेलं. त्याने पोलिसांची भीती गेली, पण नातं काही मिळालं नाही. मग विवाहाचा खटला, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. दत्तकावर मात्र फाटाफूट झाली, तीन विरुद्ध दोन. काराच्या २०२२ च्या नियमावलीतला नियम ५(३) म्हणतो की जोडप्याला मूल द्यायचं तर त्यांचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य हवं. लग्नच करता येत नाही त्यांनी वैवाहिक आयुष्य कुठून आणायचं? सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी हा नियम, आणि रानजाई म्हणतात ते परिपत्रकही, भेदभाव करणारं ठरवलं. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा यांनी ते मान्य केलं नाही. बहुमत त्यांचं, म्हणून नियम शाबूत. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

पण बहुमताच्या निकालातला एक भाग लोक वाचत नाहीत. न्या. भट यांनी लिहिलं आहे की एकल व्यक्ती दत्तक घेते आणि पुढे कुणाबरोबर राहू लागते, अशी घरं प्रत्यक्षात आहेत. काही अघटित घडलं तर त्या घरातलं मूल विवाहित जोडप्याच्या मुलाला मिळणाऱ्या लाभांना मुकू शकतं, तेव्हा सरकारने आणि काराने याचा विचार करावा. म्हणजे न्यायालयाला दिसलंय की नुकसान मुलाचं आहे. उपाय मात्र सरकारच्या दारात नेऊन ठेवला.

सोनटक्का, तुमच्या मूळ प्रश्नाचं थेट उत्तर असं: भारतात तुम्हाला मूल मिळू शकतं. त्या मुलाला दुसरी आई मिळत नाही. कुठल्याही मार्गाने गेलात तरी कायद्याला एकच बाई दिसणार. पुढचं सगळं नियोजन हे धरून करा.

आणि गृहभेटीला खोटं सांगा असा सल्ला मी देणार नाही. चुकीच्या माहितीवर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि मूल घरात आल्यावर ही टांगती तलवार कुणाला हवी आहे?

सोनटक्का

आभार सगळ्यांचे. दत्तकाचं वाचून पोटात गोळा आला. ती म्हणते, 'गृहभेटीच्या दिवशी मी कुठे जाऊ? लोणावळ्याला?' हसलो आम्ही, पण हसण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून आता उपचारांचं विचारते. एका दवाखान्यात चौकशी केली. स्वागतकक्षातल्या मुलीने फॉर्म दिला, त्यात 'पतीची सही' हा रकाना. मी म्हटलं, पती नाही. ती म्हणाली, मग नंतर या. नंतर म्हणजे कधी, लग्नानंतर? दुसरं: माझं बीज आणि तिचं गर्भाशय, असं इकडे करतात का? म्हणजे दोघींचं झालं असतं.

लॅबकोट

मी भ्रूणप्रयोगशाळेत काम करते. तुम्ही गेलात तिथल्या मुलीला कायदा माहीत नव्हता, आणि अशा बऱ्याच जणी असतात. दुसरीकडे जा आणि थेट डॉक्टरांशी बोला.

२५ जानेवारी २०२२ पासून दोन कायदे लागू आहेत, एक आयव्हीएफ (प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं), आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) वगैरे उपचारांचा आणि एक सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईने तुमच्यासाठी गर्भ वाढवण्याचा. लोक गल्लत करतात. पहिल्या कायद्यात २१ ते ५० वर्षांची कुठलीही स्त्री उपचार घेऊ शकते, लग्न झालेलं असो वा नसो. म्हणजे तुमच्यापैकी एकीला एकल स्त्री म्हणून आययूआय किंवा आयव्हीएफ करता येतं. पतीची सही लागत नाही, कारण पतीच नाही.

वीर्य मात्र नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवं. दाता २१ ते ५५ वयाचा, तपासण्या झालेला आणि निनावी. 'आमचा एक मित्र तयार आहे' असं सांगत खूप जणी येतात. ते दवाखान्यात चालत नाही. मग काही जणी घरीच सिरिंजने प्रयोग करतात. कृपा करून करू नका. संसर्गाची तपासणी होत नाही हे एक. दुसरं त्याहून मोठं: बँकेच्या दात्याचे मुलावरचे सगळे हक्क कायद्यानेच संपतात, घरगुती मित्राचे संपत नाहीत. आज मामा म्हणून मिरवणारा मित्र पाच वर्षांनी बाप म्हणून कोर्टात उभा राहिला तर तुमच्याकडे काय आहे?

तुमचं बीज आणि तिचं गर्भाशय: लंडन-न्यूयॉर्कमध्ये हे सर्रास करतात. आपल्याकडे स्त्रीबीजदेखील २३ ते ३५ वयाच्या निनावी दातीकडून, बँकेमार्फतच घ्यायचं असतं. जोडीदारणीचं बीज त्या चौकटीत बसत नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर ते दरवेळी बुरसटलेपणापोटी असतं असं समजू नका, परवाना त्यांचा जातो.

सरोगसीचा दरवाजा तुम्हाला बंदच आहे. तिथे विवाहित स्त्री-पुरुष, नाहीतर ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटिता. अविवाहित स्त्री नाही, आणि पुरुष तर एकटा असो वा जोडीने, नाहीच.

अवांतर: गंमत म्हणजे एकेकाळी याच कामासाठी जगभरातून पुरुष जोडपी मुंबईत यायची, इस्रायलमधून तर खूपच. २०१० मध्ये एक इस्रायली बाप जुळ्या तान्ह्या मुलांना घेऊन मुंबईत अडकून पडला होता, कारण जेरुसलेमचा न्यायाधीश पितृत्वचाचणीला परवानगी देईना. शेवटी त्यांच्या पंतप्रधानांपर्यंत प्रकरण गेलं. मग आपल्याकडे व्हिसाचे नियम बदलले, लग्नाला किमान दोन वर्षं झालेले स्त्री-पुरुषच हवेत असं ठरलं, आणि हा सगळा धंदा नेपाळला सरकला. २०१५ च्या भूकंपानंतर इस्रायलने काठमांडूहून विमानाने नेलेल्यांत ही सरोगसीची बाळंही होती. खुद्द इस्रायलमध्ये पुरुष जोडप्यांना सरोगसी खुली झाली जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे ज्या महिन्यात आपण दार लावलं, त्याच महिन्यात त्यांनी उघडलं.

संत्रानगरी

बायकांचं निदान आययूआयने तरी जमतं. आमचं बघा. मी आणि माझा जोडीदार नागपुरात. सरोगसी बंद. दत्तकात एकट्या पुरुषाला मुलगी देतच नाहीत, बाल न्याय कायद्याचं कलम ५७. मुलगाच मागायचा, आणि तोही 'एकटा राहतो' असं म्हणून. आमच्याकडे भाचीला आम्हीच शाळेत सोडतो, आम्हीच आणतो, वेण्या माझा जोडीदार घालतो. पण कायद्याच्या लेखी मुलगी आमच्या घरात सुरक्षित नाही. यावर काय बोलायचं?

मुलगी दत्तक घेणाऱ्या श्रीगौरी सावंत यांच्यावरची मालिका पाहून माझी आई म्हणाली, 'तिला जमलं तर तुला का नाही?' तिला कसं सांगू की त्या तृतीयपंथी आहेत, त्यांचा लढा वेगळा आणि आमचा वेगळा. पण आईने विचारलं यातच मी खूश आहे.

कलमकसाई

संत्रानगरी, एक जुनी वाट सांगतो. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा अजून आहे. आपल्याकडे भावाचा मुलगा मांडीवर घेण्याची रीत पेशव्यांच्या आधीपासूनची. त्याचंच हे कायद्यातलं रूप समजा. त्यात कारा नाही, प्रतीक्षायादी नाही, गृहभेट नाही. मूल १५ वर्षांच्या आतलं, हिंदू, आणि सख्खे आईबाप स्वतः राजीखुशीने देणारे हवेत. पैशाची देवाणघेवाण हा गुन्हा आहे. अविवाहित पुरुषही घेऊ शकतो, अविवाहित स्त्रीही. पुरुष मुलगी घेत असेल तर अंतर २१ वर्षांचं हवं, बस. दत्तकपत्र नोंदवून घ्यायचं. मी माझ्या वकिलीत पाहिलेल्या समलिंगी घरांतली बहुतेक दत्तकं अशीच, बहीण-भावाने दिलेली.

अडचण इथेही तीच. कलम ११ म्हणतं की एकच मूल दोन जणांनी एकाच वेळी दत्तक घ्यायचं नाही. आणि कलम १४ बघा: ब्रह्मचाऱ्याने मूल दत्तक घेतलं आणि पुढे लग्न केलं, तर ती बायको त्या मुलाची सावत्र आई. म्हणजे १९५६ साली कायदा लिहिणाऱ्यांना अजून घरात न आलेल्या बायकोचंही नातं सुचलं. वीस वर्षं त्या मुलाला अंघोळ घालणाऱ्या जोडीदारासाठी २०२३ मध्येही काही सुचलं नाही.

आणखी एक. २०२४ च्या प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाची एकल व्यक्ती सहा वर्षांवरचं मूल सांभाळायला घेऊ शकते, आणि दोन वर्षांनी ते दत्तकही घेता येतं. पुरुषाला इथेही मुलगाच. मोठं मूल चालणार असेल तर हा रस्ता विचारात घ्या.

बोरकूट

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी ते 'तिसरं माणूस' आहे, ज्याला वामकुक्षी काका म्हणतात तसं कुणी विचारलं नव्हतं.

मी सोलापूरची. माझे बाबा समलिंगी आहेत. त्यांचं लग्न रीतसर ठरवून झालं, त्यातून मी झाले. धाग्यात सगळे आययूआय आणि कारा बोलताय, पण आपल्याकडे समलिंगी आईबाप झालेले लोक बहुतेक असेच झालेत: घरच्यांनी लग्न लावून दिलं म्हणून. ती मुलं या चर्चेत कुठेच नसतात. माझ्या आईवर त्यात अन्याय झाला आणि मी तो बाबांना कधी माफ करून टाकलेला नाही, हेही लिहून ठेवते. आठवीत असताना ते वेगळे झाले. आईने कोर्टात बाबांचं 'ते' काढलं नाही, काढलं असतं तर मला त्यांना भेटता आलं असतं का, माहीत नाही. बाबांना त्या काळात याचीच भीती होती, म्हणून पोटगीपासून सुट्टीच्या दिवसांपर्यंत सगळ्याला ते हो म्हणत गेले.

दहावीनंतर मी कॉलेजसाठी बाबांकडे राहायला आले. तिथे काका होते. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही, मला कळलं. काका शिक्षक. माझं बारावीचं गणित त्यांनी काढून घेतलं, माझ्यासाठी शेंगाचटणी वेगळी, कमी तिखट करायचे. कॉलेजच्या फॉर्मवर त्यांचा फोन नंबर 'चुलते' म्हणून लिहिला होता. मैत्रिणींनी विचारलं तर मीही चुलतेच सांगायचे. वामकुक्षी काका, 'पोर काय सांगेल' म्हणता नं, पोर हे सांगतं. दोन पुरुषांच्या घरात राहण्याचा मला त्रास झाला नाही. सतत काय बोलायचं नाही हे लक्षात ठेवण्याचा झाला.

माझ्या लग्नात पत्रिकेचा घोळ झाला. काकांचं नाव कुठे घालायचं? निमंत्रकांत आई आणि बाबा, ते ठरलेलंच. विनीतांत आत्या, मामा, चुलतभाऊ. काका कोण? शेवटी 'समस्त मित्रपरिवार' असं छापलं आणि त्यात ते आले. ज्या माणसाने माझी फी भरली होती, तो माणूस समस्त मित्रपरिवारात. लग्नात मात्र आईनेच त्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. आई थोर आहे.

आता काकांनी त्यांचं घर मला द्यायचं ठरवलंय. तेव्हापासून त्यांचे पुतणे अचानक दर महिन्याला भेटायला यायला लागलेत.

वामकुक्षी

बोरकूट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं मूळ मत बदललेलं नाही, उगाच खोटं बोलणार नाही. पण मी ३४ वर्षं बँकेत काढली आहेत आणि घराचा विषय निघालाय तर चार गोष्टी सांगतो, कारण तिथे लोक हमखास फसतात.

काकांनी हयातीत घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहत्या घरावर मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये. तुम्ही त्यांच्या कुणी लागत नाही, त्यामुळे पूर्ण शुल्क. वर आयकर: 'नातेवाईक' नसलेल्याकडून ५० हजारांच्या वर भेट मिळाली की ती तुमचं उत्पन्न धरतात. घराच्या किमतीवर कर भरावा लागेल. मृत्युपत्राने मिळालं तर हा आयकर लागत नाही. म्हणून मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, पण पुतणे भेटायला येत असतील तर जरूर नोंदवा. साक्षीदार दोन, आणि त्यातलं कुणी लाभार्थी नको. डॉक्टरचं 'शुद्धीत आहेत' असं प्रमाणपत्र त्याच तारखेचं जोडा.

आणि नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हे सोनटक्का ताईंनीही लक्षात घ्यावं. अर्थखात्याने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. शाखेत कुणी नाही म्हणालं तर ते पत्रक दाखवा. पण नॉमिनीच्या हातात पैसा फक्त येतो, तो कुणाचा हे वारसा कायदा ठरवतो.

कलमकसाई

वामकुक्षी काका, दंडवत. भेटीवरच्या कराच्या नियमाला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय, त्याकडे लक्ष ठेवा. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने लग्नाशिवायही अशा जोडप्यांचं कुटुंब असू शकतं असं म्हटलं. या गोष्टी अशाच तुकड्यातुकड्याने येणार.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून. आम्ही दोघी, लेक पाच वर्षांची, बीज माझं आणि बाळंतपण तिचं. इथे २००९ पासून अशा मुलांच्या जन्मदाखल्यावर दोन आयांची नावं लागतात, आणि दत्तक तर समलिंगी जोडप्यांना २००५ च्या अखेरपासून खुलं आहे. कुणी आम्हाला सूट दिली असं नाही, फॉर्मवर तो रकानाच आहे. तरी नंबर लागणं, खर्च, गर्भपाताचं दुःख, ते सगळं इतरांसारखंच.

सांगलीला आलो की चित्र पालटतं. लेकीला ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर 'आई कुठंय?' मी म्हटलं मीच. 'मग ह्या?' आमच्या आईने पटकन सांगितलं, 'ह्या पण.' डॉक्टरांनी मान डोलावली आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं. माणसं बहुधा इतकीच अडतात हो. फॉर्म जास्त अडतात.

सोनटक्का

आमचं ठरलं. कालच डॉक्टर बदलले, या बाईंनी एक प्रश्नही वाकडा विचारला नाही. आधी आययूआय. बाळंतपण कुणाचं, यावर आठवडाभर काथ्याकूट झाला. तिचं वय कमी म्हणून ती, असं आधी वाटत होतं. पण कायद्याला एकच आई दिसणार असेल तर तिला काही झाल्यास मूल कुणाच्या हाती जाईल हा प्रश्न आला. तिच्या माहेरचे टीव्हीचा आवाज वाढवणारे. उद्या त्यांनी नातवावर हक्क सांगितला तर मी कोण? माझ्या आईच्या बाबतीत ती भीती नाही. म्हणून बाळंतपण माझं. सव्वीस आठवड्यांची रजाही मलाच मिळेल, तिला एक दिवस नाही. ती साठवून ठेवलेली रजा काढणार आहे.

गर्भ कुणी धरायचा हे सासर-माहेर बघून ठरवावं लागतं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

कलमकसाई, जन्मदाखल्याचं आणि पालक नेमण्याचं तेवढं सांगा.

कलमकसाई

जन्मदाखला: सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१५ चा निकाल आहे, अविवाहित आईने शपथपत्र दिलं की वडिलांचं नाव न घालता दाखला द्यावा लागतो. नगरपालिकेत कारकून कुरकुरला तर त्या निकालाची प्रत पुढे करा. पासपोर्टलाही एका पालकाचं नाव पुरतं. महाराष्ट्रात एक मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव तसंही येतंच, तुमच्याकडे फक्त पुढची जागा रिकामी राहील.

पालक: तुम्ही मृत्युपत्रात तिला मुलाची पालक नेमा, १९५६ च्या अल्पवयीन-पालकत्व कायद्यातलं कलम ९. बाळ जन्मल्यावर लगेच करा, बारशाच्या आधी. तुमच्या आईचंही एक पत्र घेऊन ठेवा की या नेमणुकीला तिची हरकत नाही. वाद कोर्टात गेलाच तर न्यायाधीश मुलाचं हित बघतात, आणि तेव्हा शाळेच्या पावत्या, लसीकरणाच्या कार्डावर कोण घेऊन आलं त्या सह्या, डॉक्टरकडच्या नोंदी, सगळं कामाला येतं. पहिल्या दिवसापासून दोघींची नावं जिथे जिथे लिहू देतील तिथे लिहा. एक लक्षात ठेवा, पालकत्व १८ व्या वर्षी संपतं. जोडीदारणीच्या इस्टेटीत मुलाला वाटा हवा तर तिचंही मृत्युपत्र वेगळं हवं.

रानजाई

आणि बारशाला बोलवा.

गोदाकाठचा

या धाग्यामुळे धीर आला. आम्ही दोघे नाशिकचे, मी ४१, तो ३८. वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहतो, एकाच सोसायटीत. दत्तकासाठी अर्ज कुणाच्या नावाने करावा? पगार माझा जास्त आहे.

रानजाई

तान्हं हवं असेल तर त्याच्या नावाने, आणि लगेच. ४१ ला एकल व्यक्तीला दोन वर्षांच्या आतलं बाळ मिळत नाही. दोन ते चार वर्षांचं चालणार असेल तर तुमच्याही नावाने होईल. हमीपत्र कोण देणार ते आधी ठरवा.

गोदाकाठचा

त्याची मावशी देईल. विचारतो आज.